जळणाची वही

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा तू आजोबांचे बंद पडलेले गुऱ्हाळ पुन्हा सुरू करण्याचा आराखडा घेऊन आलीस आणि निघताना उंबऱ्यात थांबून विचारलेस, "काका, गूळ पर्यावरणपूरक म्हणून विकला तर किलोमागे किती जास्त मिळतील?" त्या वेळी मी धड उत्तर दिले नाही, आणि तू थोडी हिरमुसून कराडची एसटी पकडलीस, हे मला नंतर लागून राहिले. प्रश्न चुकीचा नव्हता, पण तो शेवटी विचारायचा होता. तुझ्या तीस पानांत वेष्टनाचा रंग आहे, पुण्या-मुंबईतल्या दुकानांची यादी आहे. एका काहिलीला, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईला, जळण किती लागते, हा आकडा मात्र कुठेच नाही. तो नसेल तर बाकीची पाने माझ्या दृष्टीने कोरी आहेत.

हिशेब अवघड नाही. एक टन ऊस गाळला की साधारण 100 ते 120 किलो गूळ हाती येतो, आणि त्यासाठी रसातले सुमारे 500 किलो पाणी वाफ करून घालवावे लागते. हे काम त्याच उसाच्या चिपाडावर, म्हणजे रस काढून उरलेल्या चोथ्यावर, भागायला हवे. पण चरकातून नुकत्याच निघालेल्या चिपाडात निम्म्याच्या आसपास पाणी असते. ते तसेच काहिलीखालच्या चुलवाणात ढकलले, तर जाळाची पहिली ताकद चिपाडातले पाणी आटवण्यातच खर्च होते, चुलवाण थंडावते, आणि अर्धवट जळलेले चिपाड काळ्या धुरातून वर जाऊन शेजाऱ्याच्या रानात काजळी होऊन बसते. गावाला तो नुसता धूर दिसतो, पण तुला त्यात तुझे चिपाड दिसले पाहिजे. धुराड्यातून जाते ते आपलेच असते.

मला हे कुणी शिकवले नाही. एका हंगामात अवकाळी पावसाने उघड्यावरचे सगळे चिपाड भिजले आणि मी जुने टायर ट्रॉलीने आणून सोळा दिवस जाळले. आमचा गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारा, जुना माणूस होता. उकळता पाक थंड पाण्यात टाकून बोटांनी त्याची गोळी वळायचा, नाकाशी धरायचा, आणि मगच काहील उतरवायला सांगायचा. सोळाव्या दिवशी त्याने गोळी दोनदा हुंगली, हात धुतले आणि म्हणाला, "मालक, मला वासच कळंना झालाय." तो परत आला नाही. त्या हंगामातल्या काही ढेपा व्यापाऱ्याने परत पाठवल्या, पण मला आजही आठवतो तो पाण्यात हात धुणारा माणूस.

तू म्हणशील, काकांनी असे करायला नको होते. माझ्यावर सोसायटीचे कर्ज होते, ऊस तुटून पडला होता, आणि तुटलेला ऊस कुणासाठी थांबत नाही. दिवसागणिक त्याचा उतारा घटतो आणि गूळ नीट धरत नाही. त्या सोळा दिवसांत दुसरा मार्ग होता असे मला अजूनही वाटत नाही. पण त्याआधीची दोन वर्षे मी चिपाडावर पत्र्याचे छप्पर घालायचे पुढे ढकलत होतो, आणि त्या दोन वर्षांना मात्र माझ्याजवळ उत्तर नाही.

पुढच्या उन्हाळ्यात छप्पर घातले. चिपाड चार-पाच दिवस उन्हात पसरून मगच आत घ्यायचे, हा नियम केला. धुराड्याकडे जाणाऱ्या गरम हवेच्या वाटेवर दुसरी काहील बसवली, म्हणजे येणारा रस आधीच तापू लागला. त्या हंगामाच्या अखेरीस छपराखाली चिपाड शिल्लक उरले, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी जळण विकत घेण्याऐवजी विकले. राख रानात गेली, उकळत्या रसावरून काढलेली मळी खताच्या खड्ड्यात गेली. पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पाने, पेटवणे थांबवले. हेक्टरी आठ-दहा टन निघणारे पाचट सरीत आच्छादन म्हणून ठेवले, तर पाण्याच्या पाळ्या लांबतात आणि तण दबते. यातली एकही गोष्ट मी पर्यावरणासाठी म्हणून सुरू केली नव्हती, हे तुला खरे सांगतो. मी फक्त आपले काय बाहेर जाते ते मोजत गेलो.

आता तुझ्या दराकडे येतो. सौद्यात पिवळाधमक गूळ उचलला जातो, आणि तो रंग आणण्यासाठी अनेक जण हायड्रोस, म्हणजे रंग उजळणारी गंधकयुक्त पूड, घालतात. गुळात सल्फर डायऑक्साइड 70 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 70) जास्त नसावा असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. डोळ्यांच्या अंदाजाने मुठी टाकणाऱ्याला तो पाळता येत नाही. मी हायड्रोस बंद करून रानभेंडीच्या चिकट रसावर आलो, तेव्हा माझा तांबूस गूळ सलग चार वर्षे कमी दरात गेला. घरात त्या चार वर्षांवरून अजून बोलणी निघतात, आणि मी अजूनही माघार घेत नाही. पण नीट ऐक: ती चार वर्षे मला निभावता आली, कारण जळण विकत घ्यावे लागत नव्हते. वाचलेल्या जळणाने मला वेळ दिला, आणि त्या वेळात गिऱ्हाइके घरी येऊन ढेपा नेऊ लागली. तू आधी जास्तीचा दर मिळेल असे धरून कर्ज काढणार आहेस, आणि पहिल्याच पडत्या सौद्यात तुझा हात हायड्रोसच्या डब्याकडे जाईल. मी रागावतो आहे असे वाटले तरी चालेल. धुराड्यातून जाते ते थांबवल्याशिवाय तुला ताठ उभे राहता येणार नाही.

प्रमाणपत्राची घाई नको. सेंद्रिय प्रमाणपत्राच्या पीजीएस पद्धतीत शेतकरीच एकमेकांची शेती तपासतात, आणि त्यासाठी किमान पाच शेतकऱ्यांचा गट लागतो, तो तुझ्या भावकीतच जमेल. पण ते पुढच्या वर्षी.

या आठवड्यात एवढेच कर. शेजारच्या चालू गुऱ्हाळावरून एक पाटी ओले चिपाड माग, तोल, उन्हात पसर आणि पाचव्या दिवशी पुन्हा तोल. दोन्ही आकडे वहीत लिहून माझ्याकडे ये. काटा आमच्या पडवीत टांगलेला आहे. मी घरी नसलो तरी काकूला सांगून घेऊन जा.

तुझा,
काका