बाहेरची वायर झाकताय? आधी एवढं बघा

दादा, खानापूरकडचा पाऊस आणि एप्रिलचं ऊन, दोन्ही वायरीच्या मुळावर येतात. झाकायचं ठरवलंत ते बरंच केलंत.

- आधी मेन बंद, मग टेस्टर लावून खात्री. खांबावरून मीटरला येणारी वायर हेस्कॉमची, म्हणजे वीज कंपनीची, तिला हात लावू नका.
- वरचं प्लास्टिक तडकलं असेल तर वायरच बदला. काळी टेप गुंडाळून भागत नाही, उन्हात तिचा गोंद सुटतो.
- २० किंवा २५ मिमीचा जाड पीव्हीसी पाइप, दोन-दोन फुटांवर सॅडल (पाइप भिंतीला धरून ठेवणारी पट्टी). पाइपाच्या आत वायरीला जोड नको.

नवखे हमखास चुकतात ते भिंतीच्या भोकाशी. वायर आत शिरण्याआधी खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकतं, बोर्डापर्यंत जात नाही. भोकही बाहेरच्या बाजूला उतरतं पाडा. अर्थिंगचं नंतर बोलू; ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर मात्र वायरमनला आजच बोलवा.