गाइड बाहेर गेले की मोकळेपणाने बोल

फ्रान्समध्ये पीएचडीला लागलीस, म्हणजे वर्षअखेरीच्या 'कोमिते द सुईवी'ची, म्हणजे तुझं काम कसं चाललंय ते पाहणाऱ्या समितीच्या बैठकीची, धास्ती वाटणारच. पण ही तोंडी परीक्षा नव्हे. २०१६च्या नियमात २०२२ साली बदल झाला. आता दुसऱ्या वर्षाच्या नोंदणीआधी आणि पुढे दरवर्षी ही बैठक सक्तीची आहे.

आधी तुझं सादरीकरण. स्लाइड आटोपशीर ठेव. समितीत एक सदस्य तुझ्या विषयाबाहेरचा असतो, त्यालाही कळेल असं बोल. मग गाइड बाहेर जातात आणि समितीसमोर तू एकटी. (नंतर समिती गाइडशी बोलते, तेव्हा तू बाहेर.) आपल्याकडची मुलं नेमकी इथेच कच खातात. 'कसं चाललंय?' विचारलं की 'सगळं छान' म्हणून मोकळी! गाइडबद्दल तक्रार म्हणजे गुरुद्रोह, असं डोक्यात पक्कं बसलेलं. पाठवलेला मसुदा दोन-दोन महिने वाचला जात नसेल, तर तारखांसकट सांग. भेदभाव, छळ असं काही असेल तर ते डॉक्टरल स्कूलला (पीएचडीचा कारभार पाहणाऱ्या विभागाला) कळवणं हे समितीचं कामच आहे. मात्र बैठकीचा अहवाल गाइडच्या हातातही पडतो. नाजूक गोष्ट कागदावर कशी येणार, ते तिथल्या तिथे विचारून घे.

आणि हो, पैशांचा विषय काढायला लाजू नकोस. डॉक्टरल करार, म्हणजे तुझ्या पगाराचा करार, साधारणपणे तीन वर्षांचा असतो. प्रबंध लांबणार असं दिसलं, तर चौथ्या वर्षाचा पगार कुठून येणार, हा प्रश्न दुसऱ्या वर्षीच्या बैठकीतच टाक.