लिनक्स ड्रायव्हरच्या प्रोबमध्ये (डिव्हाइस सुरू करणाऱ्या फंक्शनमध्ये) आयआरक्यू, म्हणजे इंटरप्टचा नंबर, मिळाला नाही तर कोणता एरर परत करायचा? 0 पण चेक करायचा का?

जो एरर हातात आलाय तोच जसाच्या तसा परत कर. प्लॅटफॉर्म_गेट_आयआरक्यू, म्हणजे हा नंबर आणणारं फंक्शन, निगेटिव्ह देतं त्याला काहीतरी अर्थ असतो, तो पुसून वर आपला ई-नो-डेव्ह ("डिव्हाइसच नाही" हा एरर) चिकटवायचा नाही. तुझे टीमवाले म्हणतात ना, "इंटरप्ट नाही म्हणजे डिव्हाइस नाही, काय फरक पडतो", हे वाक्य मी पण ऐकलंय आणि अजून डोक्यात जातं.

आमच्या एका बोर्डावर बटणाची इंटरप्ट लाइन थेट प्रोसेसरला नव्हती, आय-टू-सी बसवरच्या जीपीआयओ एक्स्पांडरमधून (जास्तीच्या पिन देणाऱ्या चिपमधून) यायची. एक्स्पांडरचा ड्रायव्हर मॉड्यूल होता, तो लोड व्हायच्या आधी आमचा प्रोब चालला की आयआरक्यू डोमेनच (त्या चिपच्या इंटरप्टची कर्नलमधली नोंद) सापडायचं नाही, मग कर्नल -517 द्यायचा, म्हणजे ई-प्रोब-डिफर, म्हणजे थांब, नंतर परत बोलावतो. आणि आमचा ड्रायव्हर त्याचा ई-नो-डेव्ह करायचा! झालं, कर्नलच्या लेखी विषय संपला, पुन्हा प्रोब नाही. एका बूटला बटण चालतंय, दुसऱ्याला मेलेलं. सिनियर म्हणाले टायमिंगचा लोचा आहे, प्रोबच्या सुरुवातीला एमस्लीप (काही मिलिसेकंद थांबणं) टाक. मी म्हटलं अहो आधी एरर प्रिंट करून बघू तरी, पण "चालतंय ना आता" म्हणून एमस्लीप मर्ज झाला, आणि मग मॉड्यूल लोड व्हायला उशीर झाला की आकडा वाढव, परत वाढव. शेवटी फिक्स काय, तर रिटर्न आयआरक्यू. एक ओळ.

आणि आयआरक्यू ठेवायचा व्हेरिएबल साधा इंट ठेव, अनसाइन्ड (निगेटिव्ह न ठेवणारा) केलास तर शून्यापेक्षा कमी ही अट कधी खरी होतच नाही.

0 चं म्हणशील तर प्लॅटफॉर्म_गेट_आयआरक्यू यशस्वी झालं की 0 देत नाही, उगाच चेक नको. 0 बघायचा तो आयआरक्यू_ऑफ_पार्स_अँड_मॅप या दुसऱ्या फंक्शनचा, तिथे 0 म्हणजेच फेल, पण का फेल ते कळत नाही, म्हणून मी ते टाळतो.

हां, इंटरप्ट नसला तरी चालणारं डिव्हाइस असेल तर ऑप्शनलवालं फंक्शन (प्लॅटफॉर्म_गेट_आयआरक्यू_ऑप्शनल) घे, पण पोलिंगवर (इंटरप्टऐवजी स्वतः सारखं तपासत राहण्यावर) जायचं ते फक्त ई-एन-एक्स-आय-ओ, म्हणजे इंटरप्ट दिलेलाच नाही, हा एरर आला तरच, बाकी सगळे एरर परत. आमच्या सिनियरनी तिथेही कुठलाही एरर आला की पोलिंग लावलं होतं, वर त्याला रोबस्ट म्हणायचे.