हॅकर म्हणून ओरडायच्या आधी

या वेळची बरीचशी पत्रं एकाच तक्रारीची आहेत: मोबाइलवर खेळताना समोरचा फसवायला लागलाय. माझं लातूरला गंजगोलाईच्या मागं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याआधी तिथंच नेटकॅफे होता आणि पोरं काउंटर स्ट्राइक हा गोळीबाराचा गेम खेळायला यायची. तेव्हा लबाडी करणारा शेजारच्याच खुर्चीवर असायचा, त्याची कॉलर धरता यायची. आता तो कुठं बसलाय, मुळात माणूस आहे का, इथपासून सुरुवात करावी लागते. पत्रं थोडी छाटली आहेत, भाषा लिहिणाऱ्यांचीच ठेवली आहे.

दादा, मी बीजीएमआय (पबजीची भारतीय आवृत्ती) खेळतो. गोल्डला (खालच्या पायरीला) होतो तोवर मॅचला दहा-बारा किल सहज पडायचे. आता क्राउनला (वरच्या पायरीला) आलो तर उतरल्या उतरल्या मारायलेत. भिंतीमागं गेलो तरी मरतो. सगळे हॅक लावून खेळायलेत का? आमच्याकडं नेट बी लई रडतंय.
– अकरावीचा विद्यार्थी, उदगीर

गोल्डला तू मारलीस त्यातली बरीचशी माणसं नव्हती रे. नवख्याला पहिल्याच दिवशी सारखं झोपवलं तर तो गेम काढून टाकतो, आणि मॅचला पुरेसे खेळाडू जमेपर्यंत ताटकळायलाही कुणाला आवडत नाही. म्हणून कंपनी स्वतःच रिकाम्या जागी बॉट, म्हणजे संगणक चालवतो असे खेळाडू भरते. ही काही चोरीछुपी गोष्ट नाही. फोर्टनाइट या गेमवाल्यांनी 2019 मध्ये जाहीर सांगून बॉट आणले होते. ओळखायचा असेल तर त्याला एक गोळी घालून बघ. माणूस आधी आडोसा शोधतो. बॉट बहुतेकदा जागेवर उभा राहून तुझ्याकडं वळतो आणि तुझ्या आजूबाजूला गोळ्या उडवत बसतो. मेल्यावर त्याची पेटी उघडलीस की चार बँडेज आणि पहिल्या लेव्हलचं हेल्मेट. वरच्या टियरला हे बॉट कमी होत जातात आणि खरी माणसं भेटतात. तुझा खेळ बिघडलेला नाही, आधीचा हिशेबच फुगवलेला होता. मला कंपन्यांचा राग येतो तो इथं. बॉट मारून पोरांना वाटतं आपण आता स्ट्रीमर होणार, आणि मग खरा खेळणारा समोर आला की तो 'हॅकर'.

आता भिंतीमागं मरायचं. पिंग 200 मिलिसेकंद दाखवत असेल तर तुझी हालचाल सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. तू तुझ्या स्क्रीनवर आडोशाला शिरलेला असतोस, पण समोरच्याला तू अजून उघड्यावर पळताना दिसत असतोस. बऱ्याच गेममध्ये गोळी मारणाऱ्यानं त्या क्षणी काय पाहिलं ते धरून सर्व्हर निकाल देतो. म्हणजे त्यानं बरोबरच मारलं, आणि तुलाही जे दिसलं ते खरंच होतं. रात्री नऊला सगळं गाव एकाच टॉवरवर लोंबकळत असतं. एखाद्या सकाळी खेळून बघ, फरक दिसेल. घरी विचारलं तर माझं नाव सांगू नको.

खरा हॅकर ओळखायचा असेल तर मेल्यावर लगेच बाहेर पडू नको, त्याला स्पेक्टेट कर, म्हणजे त्याचा खेळ त्याच्या नजरेनं बघत बस. टेकडीपलीकडं कुणी आहे हे पावलांचा आवाज नसताना कळतंय का? भिंतीआडून चालणाऱ्या माणसाबरोबर त्याची नेम धरायची खूण सरकतेय का? हे पुन्हा पुन्हा दिसलं तर रिपोर्ट कर. एकदाच नेम खटकन डोक्यावर बसला तर लगेच शिक्का मारू नको, स्पेक्टेटमध्ये खराब नेटमुळंही तसं दिसतं.

भिंतीआडचं दिसतं कसं, हे बऱ्याच जणांनी विचारलंय. समोरचा खेळाडू अचानक बाहेर आला तर तो लगेच दिसायला हवा, म्हणून तो नेमका कुठं आहे हे गेम आधीच तुझ्या फोनला कळवून ठेवतो. भिंत फक्त तुझा फोन चितारतो. हॅक फोनच्या मेमरीतला तो पत्ता वाचतो आणि त्यावर चौकट काढतो. पेपरबरोबर उत्तरपत्रिकाही दप्तरात देऊन 'बघू नको' म्हणण्यासारखं आहे हे. 2020 मध्ये आलेल्या व्हॅलोरंट या गेमनं यावर इलाज केला: शत्रू दिसायच्या बेतात येईपर्यंत सर्व्हर त्याची जागा कळवतच नाही. पण त्या नकाशात खोल्या आणि गल्ल्या आहेत. मैलभर मोकळ्या माळावर शंभर जण उतरवले की हे गणित फार अवघड होतं.

माझा मुलगा लातूरला हॉस्टेलवर आहे, नीटची तयारी करतो. त्यानं टेलिग्रामवर कुणाला तरी पैसे देऊन गेमची 'की' (हॅक चालू करायचा कोड) घेतली. आठ दिवसांत आयडी 10 वर्षांसाठी बंद झाला. त्या आयडीचं मला काही नाही. पण मेसच्या पैशाचं खातं त्याच फोनवर आहे आणि कालपासून न मागवलेले ओटीपी यायलेत. लेकराला रागावू का नको, तेच कळंना.
– एक आई, केज

ताई, आधी फोनचं बघा, रागवायचं नंतर. सिमकार्ड त्या फोनमधून काढून साध्या फोनमध्ये घाला. जीमेलचा पासवर्ड आणि यूपीआयचा पिन दुसऱ्या फोनवरून बदला. बँकेला फोन करून ते खातं तात्पुरतं थांबवा. पैसे गेलेले दिसले तर त्याच मिनिटाला 1930 ला लावा. तो सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे. लवकर लावला तर पैसे पुढं सरकायच्या आत अडवता येण्याची शक्यता असते.

असे फोन माझ्या काउंटरवर येतात, आणि आत जे सापडतं ते साधारण एकाच साच्याचं असतं. गेम थेट चालत नाही. आधी एक 'व्हर्च्युअल' ॲप टाकायला लावतात आणि त्याच्या पोटात गेम चालवतात. टाकायच्या आधी प्ले प्रोटेक्ट, म्हणजे फोनमधली ॲप तपासणारी गूगलची सोय, बंद करायला सांगतात. कारण देतात, 'अँटिव्हायरस उगाच अडवतो.' मग परवानग्या. हल्लीच आलेल्या एका फोनवर ॲक्सेसिबिलिटीची परवानगी चालू होती, म्हणजे स्क्रीनवरचं सगळं वाचता येतं आणि मालकाऐवजी बटणंही दाबता येतात. शेजारी एसएमएसची परवानगी होती. नेम धरायच्या हॅकला एसएमएस कशाला वाचायचे असतात? त्या ॲपचं चिन्ह स्क्रीनवर नव्हतंच. सेटिंगमधली सगळ्या ॲपची यादी खालपर्यंत सरकवली तेव्हा 'सिस्टिम अपडेट' असं साळसूद नाव लावून बसलेलं सापडलं. हटवायला गेलो तर हटेना, कारण डिव्हाइस ॲडमिनमध्ये त्याला अधिकार दिलेला होता. आधी तो काढला, मग ते गेलं.

तुमच्या लेकराच्या फोनचे फक्त फोटो आणि नोट्स बाहेर काढा. ॲपचा बॅकअप घेऊ नका, नाहीतर तीच घाण परत येईल. मग फॅक्टरी रीसेट. फोन रूट केलेला, म्हणजे कंपनीचं कुलूप तोडून पूर्ण ताबा घेतलेला असेल तर रीसेटनं भागत नाही, कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर नव्यानं टाकावं लागतं. तोवर बँकेची ॲप त्यावर उघडूच नका.

आता रागवायचं. ही सवय एकट्या तुमच्या मुलाची नाही. 2 सप्टेंबर 2020 ला पबजी मोबाइलवर बंदी आली आणि त्यानंतर पोरं कोरियन आवृत्तीच्या फायली कुठून कुठून उतरवून घ्यायला लागली. 2021 मध्ये बीजीएमआय आला, जुलै 2022 मध्ये प्ले स्टोअरवरून गायब झाला आणि मे 2023 मध्ये परत आला. मधल्या काळात पुन्हा तेच. अनोळखी माणसानं पाठवलेली एपीके (प्ले स्टोअरबाहेरची ॲपची फाइल) डोळे झाकून टाकायचं वळण एका अख्ख्या पिढीला तेव्हा लागलं. हॅक विकणारे त्याच वाटेनं घरात शिरले. आणि हा पोरकट उद्योग नाही. चीनमधल्या कुनशानला 2021 मध्ये पोलिसांनी टेन्सेंट या गेम कंपनीच्या मदतीनं अशी एक टोळी पकडली, तिची कमाई सुमारे साडेसात कोटी डॉलर होती, आणि जप्तीत आलिशान गाड्या निघाल्या. दक्षिण कोरियात 2017 पासून असे प्रोग्राम बनवणं आणि वाटणं हाच गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्याकडं विकणाऱ्याचा आयडी बंद होत नाही, विकत घेणाऱ्याचा होतो. लेकराला एवढंच सांगा की ज्याला पैसे दिले त्यानंच लुटायला दार उघडून घेतलं. जेवण बंद करून बसला असेल तर आयडीपेक्षा त्याला लाज जास्त वाटत असेल, तेव्हा जरा बेतानं.

जाता जाता, सेकंडहँड फोन घेणाऱ्यांसाठी: काही गेम नुसता आयडी नाही तर फोनच बंद करतात. घ्यायच्या आधी दुकानातच गेम उघडून आपल्या आयडीनं एक मॅच लावून बघा. दुकानदार कुरकुरला तर दुसरं दुकान आहे.

गणपतीत आमच्या मंडळानं बीजीएमआयची स्पर्धा घेतली. पहिलं बक्षीस 11,000. पालमच्या टीमनं सगळं मारून नेलं. आमच्या पोरांचं म्हणणं, त्यांच्यातला एकजण नो-रिकॉइल (बंदुकीचा झटका घालवणारा हॅक) लावून खेळतो, बंदूक हलतच नव्हती. बक्षीस आम्ही रोखून धरलंय. दोन्हीकडून शिव्या खायलोय. व्हिडिओ पाठवलाय, बघून निकाल द्या.
– मंडळाचे कार्यकर्ते, गंगाखेड

भाऊ, व्हिडिओ बघितला. बंदूक खरंच कमी हलते. पण तुम्ही चित्रण स्पेक्टेटरच्या फोनवरून केलंय. त्यात त्याची बोटं नाहीत, फोनही नाही. मला दाट संशय आहे की पोरगं जायरोवर खेळतं. जायरो म्हणजे फोन किंचित पुढं-मागं कलवून नेम सांभाळायचा. गोळ्या सुटल्या की बंदूक वर चढते, त्याच वेळी तो मनगट खाली झुकवतो. हात बसला की बंदूक भिंतीला खिळल्यासारखी दिसते. हे नियमात आहे, सेटिंगमध्येच दिलेलं आहे.

खात्री करायची रीत सोपी आहे. पोराला त्याच्याच फोनसह बोलवा, पण सन्मानानं बोलवा, चहा पाजा. ट्रेनिंग मैदानात एम416 ही बंदूक घ्यायला लावा. फोन टेबलावर आडवा ठेवायचा, नेमाच्या बोटाला हात लावायचा नाही, फक्त फायर दाबून धरायचं आणि समोरच्या भिंतीवर पूर्ण मॅगझिन रिकामं करायचं. बंदूक वर चढली पाहिजे. टेबलावर पडलेल्या फोनवरही ती जागची हलली नाही तर फोनमध्ये काहीतरी आहे. मग तोच फोन त्याच्या हातात द्या आणि मनगटाकडं बघा. तुम्ही म्हणाल, हॅक काढून आला असेल तर? नुसत्या हातानं तो तुमच्यासमोर तसाच खेळून दाखवत असेल तर हॅक त्याला हवा कशाला होता? बक्षीस देऊन टाका.

पुढच्या वर्षीसाठी सांगतो. घरी बसून खेळायला लावलं की कुणाचाच भरवसा नाही. फायनल तरी शाळेच्या हॉलमध्ये घ्या आणि प्रत्येकाच्या हाताचं चित्रण ठेवा. मोठ्या स्पर्धांतही हँडकॅम मागतात, त्याचा कुणाला राग येत नाही. हॅकपेक्षा आपल्याकडं दुसऱ्याच लबाड्या जास्त चालतात. आयडी मंडळातल्या पोराचा आणि खेळणारा परभणीहून भाड्यानं आणलेला. दोन टीम आतून एक होऊन तिसरीला घेरणं. स्क्रीनचं माप बदलून आयपॅडसारखं रुंद दिसणारं ॲप. ह्या तिन्ही हॉलमध्ये बसवलं की बऱ्याच आटोक्यात येतात. आधार कार्ड बघून आत सोडा.

हॉलमध्ये घेतलं म्हणजे सगळं संपलं असंही नाही. 2018 मध्ये शांघायच्या काउंटर स्ट्राइक स्पर्धेत ऑप्टिक इंडिया या टीमचा एक खेळाडू चालू मॅचमध्येच पकडला गेला. त्याच्या मशीनवर हॅकच्या फाइलचं नाव 'वर्ड' असं ठेवलेलं होतं. पंच बघायला आला तर हा फाइल उडवायच्या मागं लागला. त्याच दिवशी अख्खी टीम बंद झाली. बाकीच्या चौघांनी काय केलं होतं? म्हणून पालमच्या त्या पोरावर पुराव्याशिवाय शिक्का मारू नका.

आणि प्रवेश फी घेऊन बक्षीस वाटत असाल तर 2025 चा ऑनलाइन गेमिंगचा कायदा एकदा वकिलाला दाखवून घ्या. पैसे लावून खेळायच्या खेळांना त्यात बंदी आहे, ई-स्पोर्ट्सला, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, वेगळी जागा आहे. तुमची स्पर्धा कुठं बसते ते मंडळाच्या बैठकीत ठरवायचं काम नाही.

शाळेतल्या एका विद्यार्थ्याचं ऑनलाइन बुद्धिबळाचं खातं 'फेअर प्ले'च्या कारणावरून बंद झालं. मुलगा रडून सांगतो की मी काही केलं नाही. वडील म्हणतात सरांनी भांडावं. भांडू का?
– शिक्षक, अंबाजोगाई

सर, भांडायच्या आधी पट मांडा. या साइट एखाद्या चांगल्या डावावरून सहसा खातं बंद करत नाहीत. पुष्कळ डावांतल्या चाली इंजिनच्या (बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रामच्या) पहिल्या पसंतीशी किती जुळतात ते पाहतात, आणि वेळही पाहतात. साधी परत मार घ्यायलाही सात सेकंद आणि अवघड बलिदानालाही सातच सेकंद, असं माणूस खेळत नाही. त्याचा जिंकलेला एक डाव घ्या, मध्यावर थांबवा आणि विचारा: 'इथं घोडा का मागं घेतलास?' स्वतः खेळलेला मुलगा चुकीचं का होईना, काहीतरी कारण सांगतो. इंजिनची चाल खेळलेला गप्प बसतो नाहीतर 'सहज' म्हणतो. थोरला भाऊ त्याच खात्यावर खेळतो का, तेही विचारा. घरात फोन एकच असला की हे फार होतं.

मोह मोठ्यांनाही आवरत नाही. 2021 मध्ये कोविडच्या मदतनिधीसाठी विश्वनाथन आनंद ऑनलाइन डाव खेळले, तेव्हा एका नामांकित उद्योजकानं त्यांना हरवलं आणि दुसऱ्या दिवशी संगणकाची मदत घेतल्याचं स्वतःच सांगितलं. आनंद म्हणाले की समोर जशी स्थिती होती तसा मी खेळलो आणि सगळ्यांकडून तीच अपेक्षा होती.

मुलानं कारणं नीट सांगितली तर अपील करा, त्याच्या शाळेच्या स्पर्धांच्या डाववह्या जवळ ठेवा. गप्प बसला तर वडिलांना दाराबाहेर बसवून त्याच्याशी एकट्यानं बोला. काही साइट कबुली दिल्यावर नवं खातं उघडू देतात, तेव्हा अर्ज त्यालाच लिहू द्या.