सीएनजी हे जीवाश्म इंधनच ना? मग इंदूरच्या सिटी बसमधला कचऱ्याचा गॅस वेगळा कसा?

गॅस एकच, मिथेन. फरक आहे तो त्यातला कार्बन कुठून आला याचा.

खनिज सीएनजी म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी गाडल्या गेलेल्या जीवांचा वायू. उपसला की संपला, आपल्या नातवंडा-पतवंडांच्या काळातही पुन्हा तयार व्हायचा नाही. आणि जाळला की इतकी वर्षं जमिनीखाली बंद असलेला कार्बन हवेत नव्याने भर घालतो. पेट्रोल-डिझेलचंही तेच. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. पेट्रोलचं वजन पाऊण किलोच्या आसपास, बाकीचा भार हवेतल्या ऑक्सिजनचा.

आता इंदूरला, आमच्या रामबागेतल्या स्वयंपाकघरात या. कांद्याची सालं, मेथीच्या काड्या, उरलेले पोहे हिरव्या डब्यात जातात, सकाळी कचरागाडी घेऊन जाते. देवगुराडियाच्या प्लांटमध्ये (फेब्रुवारी २०२२ला सुरू झाला, क्षमता रोज ५५० टन ओला कचरा) जिवाणू हवाबंद टाकीत तो कुजवतात आणि त्यातून मिथेन निघतं. त्या मेथीने कार्बन गेल्या काही आठवड्यांत हवेतूनच घेतला होता. जळल्यावर तोच परत जातो.

तरी हा गॅस गळू देऊन चालत नाही. न जळलेलं मिथेन शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरतं. म्हणूनच ओला कचरा उघड्या ढिगात सडू देणं मला सगळ्यात जास्त खटकतं: तिथेही मिथेनच तयार होतं, फक्त बस चालत नाही.