कळा खऱ्या की खोट्या?

प्रश्न : पहिली खेप, ३८वा आठवडा. संध्याकाळी पोट दगडासारखं कडक होतं, मग सैल पडतं. कळा सुरू झाल्या का?

बहुधा या खोट्या कळा. लघवीला जाऊन या, पाणी प्या, थोडं चाला, मग डाव्या कुशीवर पडा. खोट्या कळा अशाने ओसरतात. खऱ्या ओसरत नाहीत. त्या बहुतेकदा कमरेतून उठून ओटीपोटाकडे येतात, त्यांच्यातलं अंतर घटतं, जोर वाढतो. खरी कळ आली की बाई बोलता बोलता थांबते, पलंगाची कड घट्ट धरते. प्रत्येक कळ सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवा. दर ५ मिनिटांनी मिनिटभराची कळ, असं तासभर चाललं की निघा. ३७ आठवडे भरायच्या आत मात्र नियमित कळा आल्या तर तासभरही थांबू नका.

प्रश्न : दुसरी खेप आहे, रुग्णालय दीड तासावर. कधी निघू?

कळा नियमित होताहेत असं वाटलं की लगेच. दुसरं बाळंतपण सहसा लवकर उरकतं. १०८ किंवा १०२ला फोन करा. आदिवासी भागात असाल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात ‘माहेरघर’ आहे का, हे आशाताईंना आजच विचारा. तिथे तारखेच्या आधीच जाऊन राहता येतं.

प्रश्न : पाणी गेलं की लघवी झाली, कसं ओळखू?

कोरडा पॅड लावा. लघवी आवरता येते, पाणमोट फुटली की पाणी झिरपतच राहतं आणि त्याला लघवीचा वास नसतो. कळा नसल्या तरी रुग्णालयात जा. पाणी हिरवट असेल तर बाळाने आत शी केलेली असते, तेव्हा जराही उशीर नको. चिकट स्रावात रक्ताची रेघ दिसली तर घाबरू नका, त्यानंतर कळा यायला काही तास लागतील किंवा काही दिवसही. पाळीसारखं रक्त गेलं तर मात्र तडक निघा.

प्रश्न : सासूबाई म्हणतात, दिवस भरले की बाळ शांत होतं. खरं का?

नाही. हा समज मला सगळ्यात जास्त छळतो. बाळ खाली उतरलं की श्वास मोकळा होतो, लघवी वारंवार लागते, लाथेऐवजी ढकलल्यासारखं वाटतं. पण हालचाल कमी होत नाही, अगदी कळा सुरू असतानाही. नेहमीपेक्षा कमी वाटली, तर ‘सकाळी बघू’ म्हणू नका. सासूबाईंनाच सोबत घ्या आणि त्याच रात्री बाळाचे ठोके तपासून या.