धर्म आणि विनोद या विषयावर पीएचडी करावी का?

समाजशास्त्रात एम.ए. झालंय, धर्म आणि विनोद हा विषय घेऊन पीएचडी करायची आहे, पण पुढे नोकरीचं काय, असा तुमचा प्रश्न आहे. स्पष्टच सांगतो, निव्वळ विनोदाच्या अभ्यासकासाठी जागा निघतात असं समजू नका. जागा निघतात मानवशास्त्रात, धर्माभ्यासात, इतिहासात, साहित्यात. आणि मुलाखतीत बघतात ते हे की पहिल्या वर्षाच्या मुलांना तुम्ही काय शिकवाल. म्हणून आधी विभाग ठरवा. विनोदाचे अभ्यासक महादेव आपटे अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात होते ते मानवशास्त्रज्ञ म्हणून. १९८५ साली विनोदावर त्यांचा मोठा ग्रंथ आला, त्यात धर्मातल्या विनोदावर स्वतंत्र प्रकरण आहे. वाचनाची सुरुवात तिथून करा. मानवशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राउनचा थट्टेच्या नात्यांवरचा (म्हणजे ज्या नात्यांत एकमेकांची थट्टा करायची मुभाच असते) १९४० चा लेख तर एका बैठकीत संपतो.

खरी गोम पुराव्यात आहे. हसणारे लिहून ठेवत नाहीत, चिडलेले ठेवतात! ईस्टरच्या प्रवचनात पाद्री भाविकांना हसवायचे, कुणी चक्क कुक्कू पक्ष्याची नक्कल करायचा, हे आपल्याला सांगतो कोण? १५१८ साली या प्रकारावर टीका करणारा धर्मपंडित ओइकोलाम्पाडियस. चर्चमधल्या 'मूर्खांच्या उत्सवा'चंही तेच, ज्यात कनिष्ठ पाद्री चर्चच्याच विधींची नक्कल करायचे. १४३५ मध्ये बाझलच्या धर्मपरिषदेने त्याचा निषेध केला, तो कागद टिकला. अशा कागदावरून लोक का हसत होते हे काढायचं, तर तक्रारदाराचा राग वजा करून वाचावं लागतं. इतिहासाकडे वळणार असाल तर तुमची निम्मी वर्षं यातच जातील.

फील्डवर्क करणार असाल तर नुसता विनोद उतरवून घेऊ नका. तो कुणी सांगितला, सांगण्याआधी कुणाकडे बघितलं, धर्मगुरू आत आल्यावर कोण गप्प झालं, हेही त्याच रात्री वहीत यायला हवं. आणि छापताना जपा. आपसात हसून सोडून दिलेली गोष्ट बाहेरच्याच्या लेखात आली की सांगणाऱ्याच्या अंगाशी येऊ शकते. नाव बदलून भागत नाही, लहान समूहात माणूस लगेच ओळखू येतो.

व्यंगचित्रं आणि दुखावलेल्या भावना हा विषय शक्यतो टाळा, असं माझं मत. शार्ली एब्दो या फ्रेंच व्यंग-साप्ताहिकावरच्या २०१५ च्या हल्ल्यानंतर तिथे फार गर्दी झालीय. विनोद-संशोधनाचं 'ह्यूमर' हे नियतकालिक १९८८ पासून निघतं, तिथे जरूर लिहा. पण पहिला पेपर तुमच्या शाखेच्या नियतकालिकात येऊ द्या. निवड समितीतले लोक तेच वाचतात.